खालच्या थरातला आवाज

डेल्फीनच्या घामेजल्या हातातून फोन निसटायला बघत होता. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांमधलं हे घर. इथे नेटवर्क आलं तर आलं. पलंगावर ओझेलाआईला धाप लागली होती. चर्चमधले सगळेच तिला आई म्हणायचे.

"लाव गं पोरी. मला जायची भीती वाटते. त्यांचा आवाज कानात असला म्हणजे जाईन."

ते म्हणजे तिचे दिवंगत यजमान, रेव्हरंड लूशियस. गात गात प्रवचन करायचे. चर्चमधल्या जुन्या व्हिडिओ टेपांवरची ती प्रवचनं, तिथलं ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या डेल्फीननेच, थराथरांच्या फाइलींत बदलून ठेवली होती, कुठल्याही फोनवर पोचावीत म्हणून. खालच्या थरात लहानसं चित्र आणि रेव्हरंडचा आवाज, वरच्या थरांत बाकीचं सगळं. नेटवर्क दुबळं असलं की वरचे थर गळायचे, फक्त खालचा पोचायचा. अख्खी फाइल उतरवायला संध्याकाळ झाली असती, आणि आईपाशी तेवढा वेळ दिसत नव्हता.

फोनमधून आवाज उठला, "अंधाऱ्या खोऱ्यातून माझ्यासोबत कोण येतं?" आणि थांबला.

या थांबण्यात चर्चमध्ये जमलेली सगळी मंडळी उठून ओ द्यायची. त्याशिवाय ते प्रवचनच नव्हे. पण फोन गप्प.

डेल्फीनच्या लक्षात आलं. मंडळींचा माइक तिने वरच्या थरात टाकला होता. शब्द महत्त्वाचे, गलका नाही, असं वाटून.

"कोण येतं?" रेव्हरंडनी पुन्हा विचारलं. पुन्हा शुकशुकाट.

ओझेलाआईचे डोळे विस्फारले. "कुणीच कसं बोलत नाही गं? ते तिकडे एकटेच आहेत का? मी पण एकटीच असणार?"

"बंद कर ते," दारातून ओझेलाआईची भाची रूथअ‍ॅन दबक्या आवाजात म्हणाली. "मारतेस का तिला?"

बंद केलं तर ती शांतताच तिच्यासोबत जाणार. डेल्फीन जन्मभर चर्चमध्ये काचेमागे ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांपाशी बसलेली. मंडळींत तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. ओझेलाआई चिडवायची, तुझ्या तोंडाचं कुलूप देवानेच लावलंय म्हणून.

"कोण येतं?"

"मी येते, प्रभू," डेल्फीन म्हणाली. आवाज चिरकला. पुढच्या हाकेला रूथअ‍ॅननेही पलंगाशी येऊन ओ दिली.

तेवढ्यात चित्र थिजलं. खालचा थरही गेला. डेल्फीन घाबरून फोन हलवत राहिली.

"ठेव तो," ओझेलाआई पुटपुटली, आणि धापेतच, यजमानांच्याच चालीत, तिने स्वतः हाक घातली, "कोण येतं?"

दोघींनी ओ दिली. मग पुढच्या हाकेची वाट पाहत, तिचा हात धरून, त्या श्वास रोखून बसल्या.