मशेरी सोडताना

रोहिणीला मशेरीची सवय लागली तेव्हा ती सातवीत होती. दाढ ठणकत होती म्हणून आईनं, बनाबाईनं, लोणी भापकरच्या घरात तिला चुलीपाशी बसवलं आणि भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड स्वतःच्या बोटानं तिच्या हिरडीवर फिरवली. ठणका थांबला, सवय मात्र राहिली. लग्न होऊन ती शेळगावला आली तेव्हा सकाळी एकदा आणि निजताना एकदा, एवढंच सासरच्यांना ठाऊक होतं. बाकीच्या चार वेळा पेरूच्या बागेत, गोठ्यामागं, धुण्याच्या दगडावर व्हायच्या.

मागल्या वर्षी चौथ्या महिन्यात तिचा गर्भ गेला. घरात त्यावर कोणी फार बोललं नाही. सासू द्वारकाबाईनं दोन महिने तिला पाण्याचा हंडा उचलू दिला नाही, आणि तिसऱ्या महिन्यापासून ती रोज सुनेचा चेहरा निरखायला लागली. त्या नजरेनं रोहिणीला घरात बसवेना.

एक दिवस गावची आशाताई प्रगती दारात आली. "वहिनी, परत दिवस राहायच्या आधीच रगत तपासून घेऊ. मागच्या खेपंला तुमी तिसरा म्हयना सरल्यावर मला सांगितलं."

"अजून कशात काय न्हाय, आन आत्तापासनं दवाखाना?" द्वारकाबाई म्हणाली.

"म्हनूनच आत्ता, मावशी. रान पेरायच्या आधीच तयार करता ना तुमी?"

आरोग्य केंद्रात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठ भरलं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या लिहून दिल्या, निदान तीन महिने थांबायला सांगितलं आणि विचारलं, "तंबाखू, मशेरी काही?"

"न्हाय," रोहिणी पटकन म्हणाली.

बाहेर लिंबाच्या सावलीत आल्यावर प्रगती हळूच म्हणाली, "वहिनी, मी तुमचं दात बघितल्यात. दिसातनं किती वेळा?"

रोहिणीनं इकडंतिकडं बघितलं. "सहा." तो आकडा तिनं पहिल्यांदाच तोंडानं उच्चारला होता.

"त्यानं प्वार बारीक राहतं. कधी कधी टिकतच न्हाय."

रोहिणीचे पाय थांबले. "म्हंजी मागलं माझ्यामुळं गेलं?"

"ते कुनालाच सांगता यायचं न्हाय," प्रगतीनं तिचा दंड धरला. "एवढं रगत कमी असल्यावर कारनं धा असत्यात. मागचं उकरू नका. म्होरचं आपल्या हातात जेवढं हाय तेवढं करू. चला, आत जाऊन बाईंना खरं काय ते सांगू."

दोघी परत आत गेल्या.

त्या संध्याकाळी रोहिणीनं सगळी मशेरी उकिरड्यात ओतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनं अंगण तीनदा झाडलं. भांडी घासून झाली, तीच परत घासायला काढली. कपाळ ठणकत होतं, जीभ सारखी हिरडीवर फिरत होती. भाकरी थापताना मध्येच उठून ती दारापर्यंत जायची आणि कशाला आले ते न आठवून परत फिरायची. नवरा अविराज औषध फवारून आला तर त्याच्यावर उगाच खेकसली.

"सकाळधरनं काय शोधतीस तू?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय."

नवव्या दिवशी तिनं दुकानातून पुडी आणली. बागेत बसून बोट फिरवलं. डोकं हलकं झालं, अंग सैल पडलं, आणि मग तिला स्वतःची इतकी चीड आली की ती तिथंच मातीत बसून रडली. अविराजनं तिला तसं बघितलं. मग मात्र सगळं सांगावं लागलं. ऐकून त्यानं खिशातली स्वतःची तंबाखूची पुडी काढून पाटात फेकली. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा खाताना सापडला, तेव्हा दोघंही एकमेकांकडं बघून कसनुसं हसली.

प्रगती रागावली नाही. "मग काय झालं? आज परत पयला दिवस धरा. तलफ आली की पानी प्या, फुटानं खावा, चालायला लागा. तरी न्हाय भागलं तर मला फोन करा."

रोहिणीनं एका दुपारी चारदा फोन केला. प्रगती तेव्हा वस्तीवर घरोघरी फिरत होती. तिनं फोन चालूच ठेवला. रोहिणी कानाला लावून ऐकत राहिली, कुणाच्या घरी लसीची चौकशी, कुठं कुत्रं भुंकतंय, कुणी चहाचा आग्रह करतंय. तेवढ्यात तलफ जराशी ओसरली.

गोळीसोबत चहा चालत नाही म्हटल्यावर सकाळचा चहा पुढं ढकलला गेला. पालेभाजीवर लिंबू आलं, डब्यात गूळ-शेंगदाणे आले. द्वारकाबाई आधी कुरकुरली, मग स्वतःच सुनेला गोळीची आठवण करायला लागली. चार महिन्यांनी रक्त साडेदहा झालं. त्यानंतर दोन महिन्यांनी रोहिणीला दिवस राहिले, आणि या खेपेला प्रगतीला त्याच आठवड्यात कळलं.

चौथा महिना सरेपर्यंत रोहिणीला झोप नव्हती. जरा कंबर भरली की ती प्रगतीकडं धावायची. पाचव्यात बाळ हललं आणि ती अंमळ सावरली. सातवा लागला तसा बनाबाईचा फोन आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ती न्यायला येणार होती.

रोहिणी घरभर फिरत बोलत होती. "आये, मी न्हाय यायची."

"का गं? सासू सोडंना व्हय?"

"न्हाय. तुझ्या घरात रोज मशेरी भाजत्यात. तो वास आला की मला ऱ्हावणार न्हाय."

"म्हंजी मीच तुझ्या लेकराचं वाईट केलं, असं म्हनायचंय तुला?"

"तसं न्हाय गं, आये..."

फोन बंद झाला होता. पुढचे पंधरा दिवस आईनं तिचा एकही फोन घेतला नाही. या पंधरा दिवसांत रोहिणीला जितकी तलफ आली तितकी आधी कधीच आली नव्हती. जेवण जाईना, एका कुशीवर पडवेना. दोनदा ती पिशवी भरून माहेरी निघाली आणि दोनदा फाट्यावरून परत आली.

सोळाव्या दिवशी बनाबाईच एसटीनं शेळगावात उतरली. हातात पिशवी, तोंडावर राग. लेकीशी धड बोलली नाही, पण राहिली. दिवसातून पाच-सहा वेळा ती उठून लांब बांधापर्यंत जायची आणि तोंड धुऊन परत यायची. द्वारकाबाई कौतुकानं बघायची, बोलायची मात्र काही नाही.

नववा भरता भरता एका सकाळी कळा सुरू झाल्या. प्रगतीनं गाडी बोलावली आणि इंदापूरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत रोहिणीचा हात धरून बसली. दुपारी मुलगी झाली. दोन किलो सातशे. तिच्या रडण्यानं अख्खा वॉर्ड जागा झाला.

संध्याकाळी बनाबाई बाहेरून आली आणि नातीकडं हात पसरले. रोहिणीला वास आला. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओठ घट्ट मिटावे लागले. तिनं लेकीला छातीशी ओढलं.

"आये, आधी चूळ भर. हात साबणानं धू. मग घे."

बनाबाईचा चेहरा उतरला. द्वारकाबाईनं अवघडून खिडकीकडं पाहिलं. मग बनाबाई वळली आणि वॉर्डच्या टोकाच्या नळाकडं गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. ती परत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. पदरानं ते कोरडे पुसून तिनं पुन्हा पुढं केले. या वेळी रोहिणीनं मुलीला तिच्या हातात दिलं.