बिनअर्थाची ओळ

त्या हिवाळ्यात जयपूरला एक इंग्रजी गाणं लागलं होतं, साथ लागावी तसं. संक्रांतीला लोक पतंग उडवायला गच्च्यांवर चढले, तर वैशाली नगरच्या दर तिसऱ्या गच्चीवरून तेच. रिक्षात तेच, जिममध्ये तेच, आणि डॉक्टर गार्गी पाटणकरच्या दातांच्या दवाखान्यात तर सकाळी शटर वर गेलं की पहिलं तेच. पेशंट तोंड उघडून पडलेला, गार्गी त्याच्या दाढेत गुंतलेली, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून कुणी गोरी पोरगी आपल्या मोडलेल्या मनाचं गाऱ्हाणं गातेय. गार्गीला हौसच होती तशी. कारण गाण्याच्या मध्यावर ती गोरी गप्प व्हायची, आणि खालच्या पट्टीतला एक वेगळा आवाज कुठल्याशा परक्या भाषेतली ओळ चार वेळा म्हणायचा. तो आवाज तिच्या धाकट्या बहिणीचा होता. स्वानंदीचा.

गाणं रचलं होतं स्वानंदीच्या नवऱ्याने, निलयने. इंग्लंडमध्ये त्याचा तोच धंदा. हल्ली इंग्रजी गाण्याला परक्या भाषेचा एक घास लागतो, जेवणात लोणचं लागतं तसा, असं तो म्हणायचा. कुणी स्पॅनिश घेतं, कुणी कोरियन. यानं कुठलीच घेतली नाही. मुलाखतीत त्याने सांगून टाकलं होतं, "शब्द माझ्या बायकोने माइकसमोर उभ्या उभ्या रचले. त्यांना अर्थ नाही. अर्थ कळला की गाण्यातली गंमत जाते." पण लोक कसले ऐकतायत. इंटरनेटवर गाण्याखाली हजारो जण भांडत होते. एकाला ती हंगेरियन वाटे, एकाला जपानी, तर तिसरा छातीठोक सांगे की ही आफ्रिकेतली एक मेलेली भाषा आहे. निलय त्यातली एकूणएक प्रतिक्रिया वाचायचा. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यातल्या निवडक वाचून दाखवायचा, आणि बाबा खो खो हसायचे.

बाबा म्हणजे नंदकिशोर पाटणकर. मूळचे साताऱ्याचे, बँकेच्या बदलीवर जयपूरला आले आणि इथेच मुरले. दोन मुली जयपुरात वाढल्या, शाळेत हिंदी, कॉलेजात इंग्रजी. घरचं मराठी तेवढं हिंदीत भिजलेलं. स्वानंदीचं तर 'मतलब'शिवाय वाक्यच सुरू होत नसे. त्यामुळे निलयचं स्थळ आलं आणि फोनवर त्याचा स्वच्छ 'ळ' नि 'ण' ऐकला, तेव्हाच बाबांनी मनातल्या मनात अक्षता टाकल्या. "सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी पोटात खुपसून घेत नाही," आई म्हणाली होती. मधुमतीबाई तशा कमी बोलायच्या, पण बोलल्या की बाबांना झोंबायचं. दोन दिवस बाबांनी अबोला धरला. लग्न व्हायचं ते झालंच.

त्याला पाच वर्षं झाली. पाच वर्षांत स्वानंदी एकदाही माहेरी आली नाही. आई गेली तेव्हासुद्धा नाही. "व्हिसाचे कागद अडकलेत, ताई," निलयने सांगितलं होतं, आणि त्याचा आवाज इतका दुखावलेला होता की गार्गीनेच उलट त्याची समजूत घातली. रविवारच्या कॉलवर दोघं शेजारी बसायची. निलयचा हात कायम तिच्या खुर्चीच्या पाठीवर. स्वानंदी म्हणायची, "सगळं छान आहे." म्हणायची तेही किती नीटस मराठीत. 'मतलब' गेलं, 'भैया' गेलं, अर्धवट सोडलेली वाक्यं गेली. बाबा म्हणाले, संगतीचा गुण. गार्गीला मात्र ते खटकलं होतं. ज्या पोरीला स्वतःच्या आईशी बोलताना शब्द सापडत नसत, ती आता पाठ केल्यासारखी बोलत होती. पण खटकलेलं सगळं आपण उचलून बघतोच असं नाही. गार्गीनेही ते तिथंच राहू दिलं.

संक्रांतीनंतरचा बुधवार होता. दुपारी गार्गीची मदतनीस सरोज म्हणाली, "मैडम, इसका नया वाला सुनो. बच्चों ने धीमा करके डाला है." पोरं हल्ली चालू गाणी मुद्दाम संथ करून इंटरनेटवर टाकतात, तसलाच प्रकार. सरोजने ते लावलं. गोरी पोरगी पुरुषासारख्या घोगऱ्या आवाजात रेंगाळायला लागली. मग तिचं संपलं, आणि स्वानंदीचा आवाज आला, एकेक अक्षर ताणत.

च. ई. ता.

गार्गीचा हात पेशंटच्या तोंडात होता, तो तसाच थांबला.

चईता. म्हणजे ताई!

ही तर चची भाषा. मराठी घरातल्या पोरांना ती कुणी शिकवावी लागत नाही. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन टाकायचं आणि सुरुवातीला 'च' लावायचा. 'मला'चं 'चलाम', 'नको'चं 'चकोन'. शाळेत या दोघींना साधं मराठीच पुरायचं, वर्गात ते कुणाला कळत नसे. घरात मात्र आईबाबांना मराठी कळायचं, म्हणून घरात चची भाषा. एका पलंगावर पांघरुणाखाली तासन्‌तास. स्वानंदी इतकी सराईत की तिला 'च'शिवाय करमत नसे. शेवटचं कधी बोललो, हेही गार्गीला आठवेना. वीस वर्षं तरी झाली असतील.

तिला हसूच फुटलं. अख्खी दुनिया हंगेरियन नि आफ्रिकन करत बसलीय, आणि ही कार्टी भर गाण्यात मला हाक मारतेय. डोळे भरून आले. पेशंटला "बस दो मिनट" म्हणून तिने हातमोजे काढले, आणि आधी बाबांना फोन लावला.

"बाबा, ती चची भाषा आहे! स्वानंदीने गाण्यात मला ताई म्हणून हाक मारलीय."

बाबांनी 'चईता, चईता' असं दोनदा पुटपुटून पाहिलं. "अगं खरंच की गं," ते म्हणाले. "माझ्या ध्यानात कसं नाही आलं?" त्यांचा आवाज आई गेल्यापासून इतका मोकळा तिने ऐकला नव्हता. मग गार्गी परत दाढेकडे वळली. दाढ अवघड होती, मूळ वाकडं होतं, तास मोडला. मनात मात्र ती पुढचे शब्द ऐकायची वाट बघत होती, एखादं पाकीट शेवटी उघडायचं म्हणून बाजूला ठेवावं तशी.

पेशंट गेल्यावर तिने सरोजला तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं आणि एक्स-रेच्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने अक्षरं उतरवत गेली. ओळ चारदा होती, त्यामुळे चुकायला वाव नव्हता.

चईता चये. चलाम चऊनघे चजा. चनवरफो चचारूवि चकोन.

खाली तिने एकेक शब्द सरळ केला.

ताई ये. मला घेऊन जा. फोनवर विचारू नको.

तिने परत वाचलं. मग पाकीट पालथं घातलं, जणू कुणी बघत होतं. सरोज गुणगुणत ट्रे धूत होती, आणि गुणगुणत होती ती हीच ओळ. गेले दोन महिने हे शहर हीच ओळ गुणगुणत होतं. गार्गीने ती स्वतः दिवसातून दहा वेळा वाजवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगून. पोरगी कानाशी येऊन ओरडत होती, आणि ताई आवाज वाढवत होती.

स्वानंदीने हिंदी बोलावं तर ते निलयला येतं. इंग्रजी येतं. आणि मराठी, ज्या मराठीसाठी बाबांनी त्याला पसंत केला, ते तर त्याला तिच्याहून चांगलं येतं. एकच भाषा उरली होती. निलय एकुलता एक, बोर्डिंगात वाढलेला. ही भाषा लागते ती भावंडांना.

मग तिच्या लक्षात आलं की आपण बाबांना फोन केलाय.

ती गाडी काढून घरी पोचली तेव्हा बाबा खुर्चीत फोन घेऊन बसले होते, चेहरा उजळलेला. "दोन हजार लोकांना आवडलं," ते म्हणाले.

"काय आवडलं, बाबा?"

"मी टाकलं ना. आधी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर, मग त्या गाण्याच्या खाली. म्हटलं, कळू देत जगाला मराठी काय चीज आहे ते."

तिने फोन हातात घेतला. बाबांनी आपल्या बँकेच्या इंग्रजीत सविस्तर लिहिलं होतं: ही आमच्या महाराष्ट्रातली मुलांची गुप्त भाषा आहे, ती अशी अशी बोलतात, आणि गायिका माझी धाकटी कन्या असून ती थोरल्या बहिणीस हाक मारीत आहे. त्याखाली नागपूरच्या कुणा मुलाने उरलेली ओळ सोडवून टाकली होती, मराठीत आणि इंग्रजीतही. त्याखाली शेकडो जण रडणाऱ्या चेहऱ्यांची चित्रं टाकून लिहीत होते, किती सुंदर, किती हृदयस्पर्शी. बाबांनी पुढचं वाचलंच नव्हतं. बारीक अक्षराला त्यांना चष्मा लागतो, आणि लिहून झाल्यावर तो आत राहिला होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गार्गीने बाबांचं लिखाण पुसलं. पण बाकीच्यांचं तिच्या हातात नव्हतं, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत वाढत होतं.

"का पुसलंस?" बाबा म्हणाले.

"चुकलं होतं थोडं," ती म्हणाली. बाबांच्या हृदयात दोन स्टेंट होते. "मी नीट करून टाकते."

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. इथे साडेतीन, तिथे सकाळचे दहा. व्हिसाला तीन आठवडे लागतात. स्वानंदीला फोन करायचा नव्हता, तिनेच बजावलं होतं. मग तिने त्यांच्या गावच्या पोलिसांचा नंबर शोधला. पलीकडे एक बाई आल्या, बोलायला शांत. पत्ता लिहून घेतला, नाव अक्षर अक्षर विचारून घेतलं.

"तुमच्या बहिणीने तुम्हाला हे स्वतः सांगितलं?"

"हो."

"कधी?"

गार्गीने डोळे मिटले. "गाण्यात," ती म्हणाली.

बाईंनी गाण्याचं नाव विचारून घेतलं. मग बाई आणखी शांतपणे म्हणाल्या की दिवसभरात कुणीतरी तिकडे डोकावून येईल. गार्गीने आज नाही, आत्ता, असं तीनदा सांगितलं. बाईंनी तिन्ही वेळा ते लिहून घेतल्याचं सांगितलं.

फोन ठेवून ती पलंगावर बसली. हाच तो पलंग. बाहेरून बाबांची हाक आली.

"गार्गी, ये लवकर. स्वानंदीचा कॉल आहे."

बुधवार होता. स्वानंदीचा कॉल फक्त रविवारी यायचा. बाबांनी तोवर चष्मा शोधून लावला होता आणि हात लांब करून फोन धरला होता. गार्गी त्यांच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली. फोन स्वानंदीचा होता, खोली तीच होती. पडद्यावर निलय एकटा. त्याचा हात सवयीने शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर होता, आणि खुर्ची रिकामी होती.

"स्वानंदी कुठेय?" गार्गीने विचारलं. आवाज साधा ठेवायला तिला दात घट्ट दाबावे लागले.

"झोपलीय," निलय म्हणाला. "दमली बिचारी." मग त्याने गार्गीकडे नीट पाहिलं आणि ओळखीचं, मायाळू हसला. "चईता," तो एकेक अक्षर जपून म्हणाला, "चशीक चहेसआ?"

बाबांनी मांडीवर थाप मारली. पाच वर्षांत जावयावर इतके खूश ते कधी झाले नव्हते.

"अरे वा, जावईबापू," ते म्हणाले, "तुम्हालाही येते की ही भाषा!"

"येते ना, बाबा," निलय म्हणाला. "आजच शिकलो."