पाच पायांचा हिरा

“फकिरा, हा उंट आज चौकातून हलायला हवा.”

“उंट नाही साहेब, बैल हाय.”

“मान बघ त्याची!”

“पाइप लंबा होता. कापाले परमिशन नोती.”

टाउनशिप ऑफिसातल्या श्यामरावांनी हातातला कागद उगाच उलटून पाहिला. परमिशन त्यांनीच नाकारली होती.

फकिरा भंडाऱ्याकडचा शेतकरी. पोलादाच्या प्लँटमध्ये वेल्डर म्हणून लागला, त्याच आठवड्यात त्यानं आपला बैल हिरा विकला. पुढचे तीन पोळे क्वार्टरात बैलाशिवाय गेले. शेवटी वेल्डिंग शिकताना वाया गेलेले लोखंडाचे तुकडे जोडून त्यानं चौकात परत हिरा उभा केला. तो पुढे झुकायला लागला, म्हणून पाचवा पाय लावला. सहा महिन्यांत रिक्षावाले ‘ऊंट चौक’ म्हणू लागले, रशियन इंजिनियर त्यावर बायकांना बसवून फोटो काढू लागले.

आता मोठे पाहुणे येणार होते. वरून हुकूम आला होता: भंगार भट्टीत.

क्रेन आली ती पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. फकिरा रीतीप्रमाणे पळसाच्या पानानं हिराच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होता. “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

क्रेनवाल्या भैयालालनं साखळी खाली ठेवली. “आवतन देल्लं का?”

“देल्लं.”

“मंग मी नाही उचलत. नेवता देके कोई भगाता है क्या?”

“अरे, लोखंडाचा आहे तो!” श्यामराव ओरडले.

फकिराची बायको सिंधुताई पदर खोचत पुढे आली. “आत्ता त उंट म्हणत होते, भाऊजी. लोखंड कवा झाला?”

श्यामरावांच्या घरी वर्ध्याला बैलांच्या चार जोड्या होत्या. त्यांनी हिराच्या खांद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हुकुमावरच लिहिलं, ‘सदर बैल सणाच्या रजेवर आहे.’

“बैल लिवलं ना?” फकिरानं विचारलं.

“बैलच लिहिलंय.”

“मंग झालं.”

आठवड्यानं वरून विचारणा आली: रजेवरील इसमाचा टोकन नंबर कळवावा. श्यामरावांनी एक नंबर देऊन टाकला. आता टोकन नंबर असलेल्या कामगाराला नोटीस दिल्याशिवाय आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय काढता येत नाही. नोटीस हिराच्या शिंगाला बांधली आहे. त्यानं अजून म्हणणं दिलेलं नाही.

दर पोळ्याला हिराच्या खांद्याला लोणी लावायला चौकात रांग लागते. सगळ्यात शेवटी श्यामराव उभे असतात, डब्यात पुरणपोळी घेऊन.

हिरा आता पुरता गंजलाय. लोण्याचे हात लागलेला खांदा तेवढा लखलखतो.