लागलं की सांगा

सिस्टरने कापसाचं टोक पिळून बारीक केलं आणि इस्त्रीवाल्या काकांना डोळे मिटायला लावले.

"लागलं की सांगा. कुठे लागलं तिथे बोट ठेवायचं."

आधी दंडावर लावलं. बोट बरोबर जागेवर आलं. आता मनगटावरच्या चट्ट्याची पाळी.

"कोडच आहे हो ते," काकू बाकावरून म्हणाल्या. "यांच्या आत्याला होतं. उगाच दवाखान्याच्या खेपा."

कोड निघालं असतं तर सिस्टरचाही जीव भांड्यात पडला असता. पण कोड पांढरंफेक असतं आणि त्याला स्पर्श कळतो; कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो. हा चट्टा नुसताच फिकुटलेला, कोरडा होता. त्यावर इस्त्रीने भाजल्याची खूण होती आणि ती कधी उमटली, हे काकांना सांगता आलं नव्हतं.

"लागलं," काका म्हणाले. बोट चट्ट्याच्या मधोमध. "हे बघा, पुन्हा लागलं."

कापूस वीतभर वर, सिस्टरच्या चिमटीतच होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तिला राग आला नाही, फार वाईट वाटलं. तिने काकूंना केसपेपर आणायला खिडकीवर पिटाळलं.

"काका, मी अजून कापूस लावलाच नाही."

काकांनी डोळे उघडले नाहीत.

"घरी नात आहे, दीड वर्षाची," ते हळूच म्हणाले. "दोन महिने उचललं नाही तिला. पाठ धरलीय म्हणून सांगतो. आमच्या जुन्या गल्लीत एका इस्त्रीवाल्याला हेच झालं होतं. लोकांनी त्याच्याकडे कपडे टाकणं बंद केलं."

"ते दिवस गेले. आता गोळ्या आहेत, फुकट मिळतात, रोग पूर्ण बरा होतो. त्या सुरू झाल्या की नातीला खुशाल उचला. घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवून न्या, म्हणजे झालं. पण तुम्ही खरं सांगितलं नाहीत, तर डॉक्टरांना मी काय कळवू?"

काकांनी हात पुढे केला.

"बरं. आता खोटं नाही बोलणार."

सिस्टरने चट्ट्यावरून कापूस फिरवला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग उलटा. काकांचं बोट हवेत तयार होतं आणि कपाळावर आठ्या पडल्या होत्या, इतकं त्यांचं लक्ष लागलं होतं.

"लावा ना सिस्टर," ते म्हणाले. "मी तयार आहे."