शेवटचे दोन शब्द

गोल्फ मैदानाच्या शेवटच्या हिरवळीवर तिचा चेंडू भोकापासून जेमतेम दोन हातांवर येऊन थांबला. तो आत गेला की महिलांची अंतिम फेरी तिची होती.

मैदानावर सगळे तिला चष्मेवाली म्हणत. बाजारातल्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गोल्फची गोडी नवऱ्याने लावली. तो गेला आणि तिच्या खेळाला जणू दृष्ट लागली. लांबचे फटके सुतासारखे सरळ जायचे, पण चेंडू भोकाजवळ आला की हात थरथरायचे आणि तोंडाशी आलेला घास निसटायचा. लोक हसत नसत, नजर दुसरीकडे वळवत. तिला तेच जास्त लागायचं.

आज समोर खेळणारी मास्तरीण तिची जिवाभावाची मैत्रीण. शाळेत गणित शिकवायची आणि मैदानावर कित्येक वर्षं कुणाला हार गेली नव्हती. तिनेच चष्मेवालीला सावरायचं मनावर घेतलं. हात नाही, तुझं मन कापतंय, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मग रोज शाळा सुटल्यावर दोघींचा सराव. चेंडूवरच्या एका ठिपक्याकडे बघायचं, श्वास सोडायचा आणि मारायचं. चेंडू कुठे गेला हे बघायला मान वर करायची नाही. थरथर कमी झाली, पण पुरती जाईना. तेव्हा मास्तरीण म्हणाली, भीती कुठून येते ते एकदा बोलून टाक, बोललं की तिचा जोर ओसरतो.

चष्मेवाली बोलली. नवऱ्याच्या छातीत कळ आली तेव्हा गाडी ती चालवत होती. तो घामाने निथळत शेजारी बसला होता आणि उलट तिलाच धीर देत होता, "घाई नाही, सावकाश." तिने त्याचं ऐकलं. गाडी सावकाश चालवली. दवाखान्याच्या फाटकात पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून नाजूक काम समोर आलं की तेच शब्द कानात घुमायचे. हे तिने पोटच्या लेकीलाही सांगितलं नव्हतं. ऐकून मास्तरीण तिच्या गळ्यात पडून रडली. आणि खरंच, त्यानंतर हात स्थिर झाले. एकेक फेरी जिंकत ती थेट मैत्रिणीसमोरच येऊन उभी राहिली.

तिने ठिपका पाहिला. श्वास सोडला. काठी मागे नेली.

"घाई नाही," मागून मास्तरीण हळूच म्हणाली. "सावकाश."

बघ्यांना कौतुक वाटलं. प्रतिस्पर्धी असून केवढं मन, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. चेंडू भोकाच्या कडेवरून घरंगळत पुढे गेला. बरोबरी झाली आणि जादा डावात मास्तरणीने सामना सहज खिशात घातला. चषक घेताना तिने मैत्रिणीला मिठी मारली. चष्मेवालीचे हात खालीच राहिले.

त्यानंतर ती मैदानाकडे फिरकली नाही. महिनाभराने मास्तरीण दुकानात आली. चष्म्याची दांडी वाकली होती. दांडी तर कुठेही सरळ करून मिळाली असती.

"तोंडून निघून गेलं गं," ती म्हणाली. "तुला धीर द्यायचा होता."

चष्मेवालीने दांडी गरम करून सरळ केली. "धीर द्यायचा असता, तर बोलल्यावर माझ्याकडे बघितलं असतंस. मी वळले तेव्हा तू झाडांकडे बघत होतीस."

मास्तरणीने काउंटरवरच्या फ्रेम उगाच सरळ केल्या. मग म्हणाली, "एक सामना होता. एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं."

"सामन्याचं काही नाही. ते त्याचे शेवटचे शब्द होते. त्रास द्यायचे, पण त्याच्या आवाजात ऐकू यायचे. आता तुझा आवाज येतो."

तिने चष्मा मैत्रिणीच्या डोळ्यांवर चढवला. दोन्ही कानांमागे बोटं फिरवून दांड्या नीट बसल्यात का ते पाहिलं. हात अजिबात थरथरत नव्हते.

"समोरच्या पाटीवरची अक्षरं वाच," ती म्हणाली.

मास्तरीण वाचू लागली. दुसऱ्या ओळीला तिचे डोळे भरून आले. चष्मेवालीने मऊ फडका काउंटरवरून तिच्याकडे सरकवला आणि आत जाऊन काच घासायचं यंत्र सुरू केलं.