चार किलोचं चाक

"दाजी, चप्पल."

गॅरेजात एका टेम्पोच्या गिअरबॉक्सखालून मान बाहेर न काढताच मेव्हण्याने सांगितलं. क्लचवाल्याने खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. चप्पल आठ पावलं मागे, गाड्या उचलायच्या लिफ्टच्या खांबाशी राहिली होती, आणि हा गडी तेवढं अंतर तिच्याविना चालत आला होता.

"मुद्दाम ठेवलीय," तो म्हणाला. "जागा धरून."

"असू द्या. दमली असेल बिचारी."

बाकापाशी उभी असलेली दातांची डॉक्टर हसली. क्लचवाला हसला नाही. मागे जाऊन त्याने चप्पल पायात सरकवली, सरकली की नाही ते वाकून डोळ्यांनी पाहिलं, आणि परत बाकाशी आला.

बाकावर तीन फ्लायव्हील दाखवायला मांडली होती. इंजिनाच्या मागच्या टोकाला बसणारं, ताटाएवढं चाक. क्लच त्यालाच पकडतो. एक कंपनीचं, नऊ किलोचं. एक पोलादाचं, सहाचं. आणि एक ॲल्युमिनियमचं, चार किलोचं, एका हाताने उचलावं असं. डॉक्टरबाईंची गाडी दोन सीटांची, बुटकी, हाताने गिअर टाकायची. दवाखान्याला सुट्टी असली की बाई घाटातल्या शर्यतीत ती पळवायच्या. तीन वर्षं ओळीने दुसऱ्या आल्या होत्या. दुसरं येणं काय असतं ते ज्याचं त्याला माहीत.

"कोणतं घालायचं, काका?"

"नऊचं," क्लचवाला म्हणाला. "गाडीत आहे तेच घासून देतो."

"का?"

कारण त्याच्याकडे तयार होतं. "जड चाक वेग साठवतं. तुमचा पाय चुकला तरी गाडी ओढून नेतं, चुका पोटात घालतं. हलकं चाक इंजिनाचे फेरे चटकन चढवतं, चटकन उतरवतं, पण पाय चुकला की गाडी जागच्या जागी बंद. चारचौघांत. त्यात तुमची शर्यत चढावर सुटते."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं पटवायला ज्ञान लागतं, आणि ते त्याच्याकडे एकतीस वर्षांचं होतं. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून 'सगळ्यात हलकं द्या' म्हणणाऱ्यांना तो दारातूनच वाटेला लावायचा, ते ठीकच होतं. पण गेल्या वर्षभरात तीन गिऱ्हाइकं अशी आली होती की ज्यांना हलकंच लागत होतं. तिघांच्याही गळ्यात त्याने जड मारलं.

कारण या गॅरेजचा एक नियम होता. बसवलेला क्लच पहिल्यांदा क्लचवालाच चालवणार. गिऱ्हाइकाच्या सीटवर जुनी निळी चादर अंथरायची, एक फेरी मारायची, उतरून किल्ली द्यायची. मगच गाडी झाली. आणि त्याच्या डाव्या पायाची जाण रक्तातल्या साखरेने खाल्ली होती. क्लच कुठे पकडतो ते त्या पायाला आता कळत नव्हतं. जड चाकाच्या गाड्या सवयीवर निभत. हलक्या चाकाने त्याचं बिंग फोडलं असतं.

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. "बरं. नऊचं तर नऊचं. दात काढायचा की ठेवायचा, ते मीही पेशंटला विचारत नाही. तुम्ही म्हणताय म्हणजे विचार करूनच."

यावर त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला तो पुरून उरला असता. हाताला काळं लागलेल्या माणसाला जग 'ए' म्हणून हाक मारतं. ही बाई त्याच्या शब्दावर आपलं चौथं वर्ष ठेवून मोकळी झाली होती.

"थांबा," तो म्हणाला. "आधी चढावर चला. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो."

चढावर त्याने रस्त्याकडे पाहिलंच नाही. तो त्यांच्या डाव्या पायाकडे बघत होता. तो पाय क्लचवर पडत नव्हता, टेकत होता; दाबला कधी नि सुटला कधी, पत्ता लागत नव्हता. पण प्रत्येक गिअरला बाई थांबत होत्या. पाय तयार, हात तयार, आणि इंजिनाचे फेरे अजून उतरतायत. बारा वळणं, बारा वेळा थांबणं. दुसरा नंबर तिथे होता.

परत आल्यावर त्याने चार किलोचं उचलून लिफ्टपाशी नेऊन ठेवलं.

"दाजी?" मेव्हणा म्हणाला. "आत्ता तर नऊचं म्हणत होतात."

"आत्ता चूक म्हणत होतो."

"तुम्ही आणि चूक? लिहून द्या, भिंतीला लावतो."

दोन दिवसांनी गाडी लिफ्टवरून खाली उतरली. डॉक्टरबाई दुपारीच येऊन थांबल्या होत्या. क्लचवाल्याने बूट चढवले, नाड्या करकचून बांधल्या, निळी चादर अंथरली आणि बसला. इंजिन लागलं. मोकळ्या गिअरमध्ये बारीक खडखड आली, हलक्या चाकाला येते तशी. त्याने पहिला टाकला, पाय सोडला.

गाडीला एक हिसका बसला आणि ती बंद पडली.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तर फाटकापर्यंतही गेली नाही. समोरचा शिंपी शिलाई थांबवून बघायला लागला.

"नवीन क्लचप्लेट आहे ना," मेव्हणा मोठ्याने म्हणाला, शिंप्याला ऐकू जाईल असं. "बसायला वेळ लागतो तिला."

डॉक्टरबाई खिडकीशी आल्या. चेहरा उतरला होता. "काका, तुमच्याच्यानं होत नाही तर माझ्याच्यानं काय होणार? नऊचंच घालू या का परत?"

सुटायला एवढी मोकळी वाट माणसाला क्वचित मिळते. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. चाक वाईट, तो चांगला, आणि बाई आयुष्यभर दुसऱ्या.

"चाकात काही नाही," क्लचवाला म्हणाला. "माझा हा पाय मेलाय. वर्ष झालं. चप्पल सुटली तर कळत नाही, क्लच काय कळणार."

तो उतरला. चादर काढून घेतली, किल्ली त्यांच्या हातात दिली.

"आणि नियम?" बाईंनी विचारलं. त्यांना तो माहीत होता, सगळ्यांना माहीत होता.

"नियम पायाचा होता. बसा. थोडी जास्त रेस द्या, आणि पाय पकडीपाशी एक क्षण थांबवा. तुम्हाला कळेल."

त्यांना पहिल्याच झटक्यात कळलं. गाडी फाटकातून अशी गेली की शिंप्याने सुई हातात धरून मान वळवली.

क्लचवाल्याने चादर झटकली, चार घड्या घातल्या आणि मेव्हण्याच्या हातात ठेवली. "उद्यापासून तू बसायचं. आणि वर्षभरात हलकं मागायला आलेले ते तिघं आहेत ना, त्यांना बोलावून घे. मी चुकीचं सांगितलं म्हणावं."

"दाजी, मला सांगायचं तरी होतंत."

"तुला माहीत होतं."

"चपलेचं माहीत होतं," मेव्हणा म्हणाला. "बाकीचं तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो."

दोघं फाटकात उभे राहिले. लांब चढावर गाडी दिसत नव्हती, ऐकू येत होती. दुसरा. तिसरा. मधे कुठेच थांबणं नाही, आवाज पडतोय न पडतोय तोच पुढचा गिअर.

"ऐक," क्लचवाला म्हणाला. "याला म्हणतात चाक."

मेव्हणा ऐकत नव्हता, खाली बघत होता. वर गिअर पडला की क्लचवाल्याचा डावा पाय मातीत दाबला जात होता आणि अलगद सुटत होता, अगदी वेळेवर. क्लचवाल्याला ते कळत नव्हतं.