आवाजातून काढलेली वीज

“काकू, ते गोणपाट उचलू नका! खाली मायक्रोफोन आहे.”

“पुरून ठेवलाय होय? मला वाटलं बटाटे.”

युफेमियाकाकू गुडघे झटकत उठल्या. या वयात एवढा चढ चढून माझ्याकडे का आल्या, ते मला ठाऊक होतं. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा नवरा सेलेस्तिनो याच डोंगरावर मेंढ्या चारताना वीज पडून गेला. मी इथल्या प्रयोगशाळेत गडगडाट टिपायची नोकरी करतो, आणि त्या दुपारी माझी यंत्रं चालू होती.

“सगळं गाव म्हणतं, ढग डोक्यावर आले तरी म्हातारा हलला नाही. मीही तेच म्हणते. रोज बजावायचे, काळं दिसलं की खाली ये. हट्टी कुठला! माणूस पडतो तिथं क्रूस लावतात, पण मी नाही लावला. एवढा राग आला होता. एलॉय, खरं सांग, तो मूर्खपणानं गेला का?”

मी त्यांना आत नेऊन पडद्यासमोर बसवलं.

“गडगडाट लांबत का जातो, माहीत आहे?”

“संत पीटर वर कपाटं सरकवतात. आजी सांगायची.”

“वीज मैलोगणती लांब असते, काकू. जवळच्या तुकड्याचा आवाज आधी येतो, लांबच्याचा मागाहून. प्रत्येक मायक्रोफोनला तो थोडा मागेपुढे पोचतो. त्यावरून कुठला तुकडा कुठे होता, ते काढता येतं.”

पडद्यावर ठिपक्याला ठिपका जोडत त्या दुपारची ती वीज उमटू लागली. काकू चष्मा लावून पुढे सरकल्या.

“हे आमचं कुरण. मग हे दुसरं टोक कुठलं?”

“पलीकडच्या डोंगरावरचं. ढग तिथं होता. वीज तिथून आडवी येऊन कुरणात उतरली.”

“आणि आमच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर?”

“काही नव्हतं. पाऊससुद्धा बराच मागाहून आला.”

काकूंनी चष्मा काढला. मला वाटलं होतं, त्यांचं मन हलकं होईल. कसलं काय!

“वर्षभर भांडतेय रे मी त्याच्याशी. जेवताना, भांडी घासताना. आता काय बोलू?”

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

मग त्या म्हणाल्या, “कुरणात सोड मला.” मी गाडी काढली.

कुरणात लख्ख ऊन होतं. काकूंनी डोळ्यांवर हात धरून पलीकडचा डोंगर कितीतरी वेळ न्याहाळला.

“एवढ्या लांबून आली,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि मी म्हणत होते, याला दिसली कशी नाही.”

त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि तो उभा असेल तशाच, डोक्यावर काही नसताना, उन्हात उभ्या राहिल्या.